हरणाला आमंत्रण

"अहो, तुमची झाडं कुणीतरी खाल्ली!"

बायकोची हाक आली तसे दातांचे डॉक्टर तोंडात ब्रश घेऊनच मागच्या अंगणात धावले. कुंपणापलीकडे जंगल होतं. तिथली हरणं अंगणात यावीत म्हणून त्यांनी चेस्टनटची रोपं लावली होती. या झाडांची फळं म्हणजे हरणांचा जीव की प्राण, असं ते प्रत्येक पेशंटला सांगत. पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे कुणी वाद घालत नसे. नातीला तर त्यांनी शब्दच देऊन टाकला होता, "रविवारी ये, खिडकीतून हरीण दाखवतो."

"फळं कधी धरणार?" बायकोने तेव्हाच विचारलं होतं.

"धरतील पाचसहा वर्षांत."

"आणि नात येणार रविवारी!"

आता डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि दवाखान्यातला छोटा आरसा धरून तुटलेली फांदी तपासू लागले.

"सशाने खाल्ली असती तर सुरीने कापल्यासारखी तिरकी तुटली असती. ही फाटलीय. म्हणजे याला वरचे पुढचे दात नाहीत."

"अरेरे, बिचारा!"

"अगं, हरणाला नसतातच ते! हरणं आली! आली!" फेसाळल्या तोंडाने डॉक्टर अंगणभर नाचले.

"आली, आणि झाडंच खाऊन गेली. आता फळं कुठे धरायची, तुमच्या टकलावर?"

डॉक्टर नाचायचे थांबले. झाडं तर वाचवायला हवीत. त्यांनी दवाखान्यातून लवंगेच्या तेलाची बाटली आणली आणि तेलात बुडवलेले कापसाचे बोळे रोपारोपाला बांधले. "या वासाने माणसंसुद्धा दारातून परत फिरतात, हरणाचं काय घेऊन बसलीस!"

उपाय रामबाण ठरला. उरलेली पालवी शाबूत राहिली. डॉक्टर रोज सकाळी तिचं कौतुक करू लागले.

रविवारी नात खिडकीच्या काचेला नाक लावून बसली. पाखरं आली. शेजारचं मांजर आलं, शिंकलं आणि गेलं. हरणाचा पत्ता नाही.

"आजोबा, तुम्ही बोलावलंय ना त्यांना?" तिचा आवाज रडवेला झाला.

"बोलावलंय तर!" आजी म्हणाली. "आणि दारातच दवाखाना मांडून ठेवलाय."

डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते धावत सुटले. बोळे उपटले, बादल्या भरभरून रोपं धुतली, आणि धापा टाकत परत खिडकीशी येऊन बसले.

ऊन कलताना कुंपणापाशी दोन कान हलले. उडी! हरीण अंगणात उतरलं, सगळ्यात टवटवीत रोप निवडून शांतपणे चावू लागलं. डॉक्टरांचा हात आपोआप खिडकीच्या कडीकडे गेला. बायकोने मनगट धरलं.

"आजोबा," नात श्वास रोखून कुजबुजली, "ते काय खातंय?"

"झाड."

"कुणासाठी लावलं होतंत?"

डॉक्टरांनी एकदा रोपाकडे पाहिलं, एकदा तिच्या चमकणाऱ्या डोळ्यांकडे.

"त्याच्यासाठीच गं," ते म्हणाले. "जेवायला जरा लवकर आलंय, एवढंच."