डाव्या खांद्याचा कौल

पुतळ्याला नवा कोट चढवून टेलर मास्तरांनी तो दुकानाच्या दारात उभा केला आणि चहा प्यायला आत वळले. तेवढ्यात कुठूनसा मधमाश्यांचा थवा आला आणि कोटाच्या डाव्या खांद्याला लटकला. अख्खी गल्ली मोकळी असताना बसायला नेमका तोच खांदा सापडावा? ज्यांच्यासाठी कोट शिवला होता, त्या खुसपटकाकांनी तो दोनदा नापास केला होता. आज पसंत पडला नाही तर काका समोरच्या टेलरकडे जाणार होते, आणि काका जातील तिकडे गल्ली जाते.

"थाळी बडवा, पळतील," दुकानात बसलेल्या मास्तरांच्या सासरेबुवांनी सुचवलं.

"थाळीनं त्या हलत नाहीत," चहा सोडून दारात आलेले मास्तर म्हणाले. " आपलेच कान किटतात."

"मग धूर करा मास्तर," समोरचा टेलर पायरीवरून आनंदाने ओरडला. "नाहीतर त्यांच्या राजानं हुकूम दिला की सगळ्या मिळून फोडून काढतील."

"राजा नसतो, राणी असते. आणि तीही हुकूम सोडत नाही. धुराचा वास मात्र कोटाला लागेल."

मास्तरांच्या मामाकडे मधाच्या पेट्या होत्या. जुनं घर सोडून निघालेल्या माश्या पोटभर मध पिऊन निघतात, राखायला पोळं नसतं, म्हणून डिवचल्याशिवाय सहसा कुणाच्या वाटेला जात नाहीत. नवी जागा सापडली की आपणहून उठतात. पण कधी उठतात, ते मामाने सांगितलं नव्हतं.

"अहो, काका आले," काज करता करता बायको म्हणाली.

एव्हाना ही गर्दी जमली होती. काका चष्मा पुसून खांद्याकडे बघत राहिले.

"हात लावू नका काका. जातील त्या."

आणि खरंच, थवा सैल झाला, घोंगावत वर चढला आणि छपरांपलीकडे गेला. मास्तरांनी कोट झटकून पाहिला. डाग नाही, चुणी नाही. काकांनी तो घातला आणि आरशासमोर डावी-उजवीकडे वळून पाहिलं.

"एवढं ओझं लटकलं, तरी खांदा सूतभर उतरला नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मधमाशी कशावरही बसत नाही. तिला अस्सल काम कळतं."

मास्तरांचा ऊर भरून आला. माप द्यायला दारात रांग लागली. समोरचा टेलर आपला पुतळा बाहेर काढून त्याच्या खांद्याला साखरेचं पाणी चोळू लागला.

"अहो, खरंच कळतं का हो त्यांना?" बायकोने हळूच विचारलं.

मास्तरांनी टेप गळ्यात घातली.

"मघापासून लोकांचे गैरसमजच दूर करतोय," ते म्हणाले. "एखादा राहू दे."