डाव्या दिव्याच्या सासूबाई

लिसेतचा पंधरावा वाढदिवस संध्याकाळवर आला होता आणि जाडीचा डावा दिवा लागत नव्हता. जाडी म्हणजे तिच्या बापाची, एवेलिओची, एकावन्न सालची अमेरिकन मोटार. लेकीला इस्पितळातून घरी आणलं ते याच गाडीतून. आज, पंधराव्या वर्षाच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे, फुगीर झगा घालून ती सिएनफुएगोस गावाच्या समुद्रकाठाने मिरवणार तीही यातूनच, हे बापलेकीचं कधीचंच ठरलं होतं. पण मिरवणूक निघायची दिवेलागणीला. कोपऱ्यावर वाहतूक पोलीस उभा असे आणि एकडोळी गाडी तो पुढे जाऊ देत नसे.

"भाड्याची गुलाबी गाडी सांगून ठेवू का?" बायकोने विचारलं.

"तिचं नाव काढू नकोस," एवेलिओ म्हणाला.

शेजारचा बाल्दोमेरो हत्यारं घेऊन आला. त्याने बल्ब बदलला. तरी बटण दाबलं की डावा दिवा नुसता मिणमिणे आणि शेजारचा इंडिकेटर विनाकारण उजळे. मग त्याने वायरिंग उघडलं. आत पंख्याची वायर होती, इस्त्रीची वायर होती आणि रशियन वॉशिंग मशीनचं बटण होतं. या गावात कुठलीच वस्तू मरत नाही, ती दुसऱ्या वस्तूत राहायला जाते.

"हा जोड कुठल्या गाढवाने मारलाय?"

"तूच."

"मग पक्का असणार," असं म्हणून बाल्दोमेरो पुढे सरकला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली. "वायर ठीक आहे रे. अर्थिंग मिळत नाहीये. हा रंग कोणी दिला?"

"मी. लिसेतने निवडलेला आकाशी. प्रत्येक बोल्ट काढून खालीसुद्धा दिलाय, चांगले जाड हात."

"तिथंच माती खाल्लीस. दिव्याचं लोखंड पत्र्याला टेकायला हवं, तू मध्ये रंगाची गादी घातलीस. बोटभर खरवड, काम झालं."

एवेलिओने गाडीवर हात ठेवला. "लेकीचा रंग खरवडायचा नाही. दुसरं काय ते सांग."

"मग वेगळी तार ओढू. आहे तार?"

तार नव्हती. गल्लीतली होती नव्हती ती सगळी समारंभाच्या रोषणाईत गेली होती.

एवढ्यात एवेलिओच्या सासूबाई, दोमितिला, ॲल्युमिनियमचा वॉकर खडखडवत बाहेर आल्या. त्या आधीच घुश्शात होत्या.

"मला गाडीत जागा नाही म्हणे?"

"फोटोग्राफर बसतोय ना, सासूबाई. तुम्ही सायकलरिक्षाने या."

"सख्खी आजी रिक्षात आणि कोण कुठला फोटोवाला गाडीत," असं म्हणत त्यांनी वॉकर गाडीच्या तोंडाशी आदळला आणि त्यावर रेलल्या. डावा दिवा लख्ख पेटला. त्या दचकून मागे झाल्या, तसा तो विझला.

"सासूबाई, पुन्हा रेला बघू."

त्या रेलल्या. दिवा लागला.

बाल्दोमेरो गुडघ्यावर बसून बघू लागला. "वॉकर दिव्याच्या कड्याला आणि बिनरंगाच्या बंपरला एकदम टेकतोय. हीच आपली तार. बांधून टाक इथंच."

"आणि मी चालू कशाने?" दोमितिलांनी विचारलं.

एवेलिओने गाडीचं पुढचं दार उघडलं. "फोटोग्राफर येईल सायकलरिक्षाने."

संध्याकाळी कागदी फुलांनी मढवलेला वॉकर पुढे बांधून जाडी निघाली. कोपऱ्यावर पोलिसाने हात केला.

"पुढे हे काय?"

"सासूबाईंचा वॉकर."

पोलिसाने पुढच्या सीटवर पंखा हलवत बसलेल्या दोमितिलांकडे पाहिलं. त्यालाही घरी सासू असावी. त्याने मुकाट्याने वाट दिली.

समारंभाच्या हॉलच्या दाराशी लिसेत दोन्ही दिव्यांच्या उजेडात उतरली, झगा सावरत बापाकडे वळून हसली. एवेलिओला भरून आलं. लेक आपल्याच गाडीतून आली, आता त्याला काही नको होतं. तो वॉकर सोडायला वाकला, तर सासूबाईंनी अडवलं. "पोरगी आत जाईपर्यंत राहू दे उजेड." आणि जावयाचा हात धरून त्या पायऱ्या चढू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो प्रथमच धरला होता.

"उद्या खरवडतो थोडा रंग," एवेलिओ हळूच म्हणाला. "तुमचा वॉकर तुम्हाला मोकळा."

"घाई कसली आलीय?" सासूबाई म्हणाल्या. "रविवारी मला बहिणीकडे जायचंय."