दर्शनी खिडकीतलं हसू

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तोंडावर मुरुमं येणं हा कुठल्याही नियमाखाली गुन्हा ठरत नाही. तरीही पाणीपुरवठा कार्यालयातले आवककाका त्याची शिक्षा बरीच वर्षं भोगत होते. आवक म्हणजे आलेल्या टपालावर शिक्का मारण्याचं खातं. ते मागच्या खोलीत, कपाटांच्या आड होतं आणि काकांना तिथे कायमचं बसवलं होतं, म्हणून हे नाव. काकांच्या दुखण्याला वैद्यकीय भाषेत तारुण्यपीटिका म्हणतात. तारुण्य केव्हाच रजेवर गेलं होतं. पीटिका तेवढ्या इमानेइतबारे हजर होत्या.

काकांना दर्शनी खिडकी हवी होती. पगार तोच, खुर्चीसुद्धा तशीच कुरकुरणारी. पण आयुष्यभर लोक त्यांच्याशी बोलताना त्यांच्या कानाकडे नाहीतर मागच्या भिंतीकडे बघत आले होते. एकदा तरी कुणी आपल्या तोंडाकडे बघून बोलावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती फार मनापासूनची होती.

"आवककाका, खिडकी म्हणजे कार्यालयाचा चेहरा," साहेब दर वेळी म्हणत. "समजून घ्या." हे म्हणतानाही साहेब कॅलेंडरकडे बघत.

शेवटी काकांनी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी भिंगातून चेहरा पाहिला आणि गोळ्या लिहून दिल्या.

"रोज एक, जेवणाबरोबर. उन्हात हिंडायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, मी सांगेन तेव्हा रक्त तपासायचं. आणि ओठ फुटतील."

"फुटू शकतात, असं ना?"

"फुटतील. फुटले नाहीत तर मला शंका येते, की माणूस गोळी खातोय की कुंडीत टाकतोय."

ओठ फुटले. पाठोपाठ नाक कोरडं पडलं, डोळ्यांत कचकच व्हायला लागली आणि चपला घालायला वाकलं की पाठ बोलायला लागली. बायकोने सूत्रं हाती घेतली. ओठांचं मलम प्रत्येक खिशात, नाकाचे थेंब आरशाजवळ, डोळ्यांचे थेंब चहाच्या डब्याशेजारी. "अहो, एक चेहरा सांभाळायला मला मंत्रिमंडळ नेमावं लागणार," ती म्हणाली. रोज सकाळी ती त्यांना छत्री देऊन घराबाहेर काढायची. पाणीपुरवठ्याचा माणूस लख्ख उन्हात छत्री उघडून निघालेला पाहून गल्लीने आपापल्या परीने अर्थ लावला. काकांची छत्री दिसली, की आज पाणी येणार म्हणून लोक बादल्या नळाखाली लावून बसत.

भरपूर पाणी पिणं मात्र कार्यालयात जमेना. तिथला पिण्याच्या पाण्याचा नळ कोरडा होता. त्याबद्दलच्या तक्रारीवर आवकचा शिक्का खुद्द काकांनीच मारलेला होता. ते घरून पाणी न्यायला लागले.

आणि काय सांगावं, चेहरा निवळला! गाल असे झाले, की काका दाढी करताना मध्येच थांबून स्वतःकडे बघत राहायचे. साहेबांनी कॅलेंडरवरची नजर काढून प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं आणि दर्शनी खिडकी त्यांना दिली. त्या दिवशी काका घरी शीळ घालत आले. ओठ फुटलेले असल्यामुळे शीळ नुसतीच हवा होती, पण बायकोला कळली.

त्याच आठवड्यात वरून आदेश आला. नळाला पाणी नसल्याबद्दल नागरिकांत नाराजी आढळून आली होती. उपाययोजना म्हणून ‘स्मितसेवा अभियान’ सुरू करण्यात येत होतं. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने प्रत्येक नागरिकाकडे पाहून, वरचे दात दिसतील इतपत हसायचं. खिडकीबाहेर तीन बटणांचं यंत्र बसलं: हसरा चेहरा, मख्ख चेहरा, रडका चेहरा. बटण नागरिकाने दाबायचं.

पहिल्या आल्या एक आजी. त्यांच्या घरी आठवडाभर पाणी नव्हतं. काका मनापासून हसले. खालचा ओठ मधोमध उकलला आणि रक्ताचा थेंब आजींच्या अर्जावर पडला.

"अगंबाई! एवढं कशाला मनाला लावून घेतलंस रे बाळा?" आजी घाबरल्या आणि घाईत त्यांनी रडका चेहरा दाबला.

रक्ताचा डाग असलेला अर्ज साध्या तक्रारींत ठेवता येत नाही. तो आंदोलनाच्या फायलीत गेला. तिसऱ्या दिवशी आजींना विचारणा झाली, की आपण उपोषणाला कधी बसणार आणि मंडप किती लांबीचा लागेल.

काका डॉक्टरीणबाईंकडे धावले. "हसणं जरा आवरा," बाई म्हणाल्या. "हवं तर डोस कमी करते. उपचार लांबेल, पण ओठांना बरं वाटेल."

"नको, नको! चेहरा पुन्हा बिघडला तर खिडकी जाईल."

"मग हसू नका."

"हसलो नाही तरी खिडकी जाईल."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि हसू नये अशी चिठ्ठी लिहून दिली. तिच्याखाली ‘गरज वाटल्यास रुग्णाने स्मित डोळ्यांनी करावे’ अशी पुस्तीही जोडली. काकांनी डोळ्यांनी करून पाहिलं. डोळे कोरडे असल्यामुळे त्यांची फारच उघडझाप झाली आणि एक बाई नवऱ्याला घेऊन परत आल्या.

"हसण्यातून सूट द्यायची तरतूद नाही," साहेब चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाले. "मात्र हसणं तुम्हीच करायचं, ते त्याच वेळी करायचं, असंही आदेशात कुठे नाही." साहेब उगाच साहेब झाले नव्हते. त्यांनी कार्यालयाच्या एका जुन्या सहलीचा फोटो शोधून काढला. त्यात काका कुणाच्या तरी विनोदावर पोट धरून हसत होते. मुरुमं ऐन भरात होती. तेवढाच चेहरा कापून, खिडकीच्या मापाचा मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि काचेच्या आतून बसवला. हनुवटीखाली अर्ज घ्यायला फट ठेवली. एकेक मुरूम शर्टाच्या गुंडीएवढं दिसत होतं.

आता लोक दचकतील, असं काकांना वाटलं. लोक हसरं बटण दाबायला लागले.

"किती साधा माणूस आहे!" फटीतून ऐकू यायचं. "चेहऱ्यावर एवढं सगळं असून बघा कसा हसतोय. नाहीतर आपण, जरा पाणी गेलं की आरडाओरडा."

महिना संपला तेव्हा खिडकी जिल्ह्यात पहिली आली. बक्षीस घ्यायला काकांना पुठ्ठा हातात धरून व्यासपीठावर जावं लागलं. पाहुण्यांनी हस्तांदोलन काकांशी केलं आणि बघितलं पुठ्ठ्याकडे.

यथावकाश गोळ्या संपल्या. ओठ भरून आले, पाठ गप्प झाली, छत्री खुंटीवर गेली, तेव्हा गल्ली थोडी हिरमुसली. चेहरा आता स्वच्छ होता आणि हसताही येत होतं. काकांनी आरशासमोर वरचे दात दाखवून सराव केला आणि साहेबांना सांगितलं, "आता पुठ्ठा काढा. मी स्वतः हसतो."

एक दिवस काढून पाहायचं ठरलं. काका खिडकीत बसले आणि असे हसले, की आयुष्यात कधी हसले नसतील.

"नेहमीचे साहेब कुठायत?" पहिल्या माणसाने विचारलं.

"मीच तो."

"चेष्टा करता का? त्यांच्या गालावर मुरुमं होती. तुम्ही कोण, त्यांच्या जागेवर चिकटलेले?" त्याने मागे वळून रांगेला सांगितलं आणि रांगेने ते मनावर घेतलं. दुपारपर्यंत रडकं बटण आत रुतून बसलं. भल्या माणसाला हटवून हा गुळगुळीत इसम कुणाच्या वशिल्याने बसवला, अशी लेखी विचारणाही आली.

"जनतेचा कौल आहे, काका," साहेब म्हणाले आणि कॅलेंडरकडे बघत त्यांनी पुठ्ठा परत लावला.

काका घरी आले आणि जेवताना रडले. बायकोने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला. "मी बघते ना," ती म्हणाली. त्यावर ते थोडं जेवले.

आता ते पुठ्ठ्यामागे बसतात. कंटाळा आला की बाहेरच्या माणसाला वेडावून दाखवतात, जीभ काढतात. कुणाला दिसत नाही. परवा फटीतून एक हात आत आला. हातात अर्ज होता: पंधरा दिवस पाणी नाही.

"पुढचे पंधरा दिवसही येणार नाही," काका खरं ते बोलले.

"असू दे हो," बाहेरून आवाज आला. "तुम्ही हसून बोलता, तेवढं पुष्कळ आहे." आणि बटण दाबल्याचा आवाज आला.

काकांनी फटीशी वाकून तोंड पाहायचा प्रयत्न केला, पण दिसला नुसता हात. आवाज मात्र ओळखीचा वाटला. तुम्ही घाईत होतात, नाहीतर त्यांनी हाक मारली असती.