गळस का?

आमच्या शेजारचे नाना कुणाच्याही घरी गेले की पहिला नमस्कार छताला करायचे. घरधनी दारात हात जोडून उभा, आणि नानांची मान मागे पडलेली, तोंड अर्धवट उघडं, नजर पार कोपऱ्यात गेलेली. मग एकच प्रश्न. "गळस का?" म्हणजे, गळतं का?

देवळाच्या गाभाऱ्यात विचारायचे. लग्नाच्या मांडवात विचारायचे. माझ्या थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. सगळे पोह्यांच्या बशा धरून अवघडून बसलेले. तेवढ्यात हे आत आले आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "तुम्हनं घर गळस का?" त्या गृहस्थांना वाटलं, हे आमची ऐपत काढतायत. ती सोयरीक तिथेच मोडली.

नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात कापसाच्या जिनात तोलाईला होते. घर धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छत. अशी घरं आमच्याकडे सगळ्यांचीच. पावसाळ्याआधी वर खारी माती पसरायची, बडवायची, की वर्षाची काळजी मिटली. नानांची मिटत नसे. त्यांनी खारीत चुना कालवला, गूळ कालवला, बेलफळ कालवलं, एका वर्षी उडदाचं पीठसुद्धा. त्या वर्षी पाणी थांबलं नाहीच, वर साऱ्या गल्लीतल्या मुंग्या मुक्कामाला आल्या.

त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणत असू, माहेरी पहूरला गेलेली होती. "चार दिवस गयी शे," असं नाना सांगत. त्या चार दिवसांना तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी शाळामास्तर. बऱ्हाणपूरची बादशाही वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवली, पण स्वतः रावेरच्या पुढे कधी गेलो नव्हतो. अखेर एका नाताळच्या सुट्टीत निघालो, तर नाना म्हणाले, "मास्तर, तठे तीनशे वरीसनी जुनी छतं शेतस ना? मंग मी बी येस."

तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं.

भुसावळला गाडी बदलली तेव्हा दोन्ही डब्यांची छतं तपासून झाली. बऱ्हाणपूरच्या टांगेवाल्याला टपाबद्दल विचारून झालं. जामा मशिदीत एका भिंतीवर संस्कृत लेख कोरलेला आहे. मशिदीत संस्कृत! मी चष्मा पुसून पहिला शब्द लावतोय, तो मागून आवाज आला, "मास्तर, हाई पाहा, लाकूड नावले नही! बठ्ठं दगडनं! पण पन्हळ कोठे शे?" पन्हळ शोधायला म्हणून गेले, ते त्यांना शोधण्यातच माझा तास गेला. माझा लेख राहिला तो राहिलाच.

किल्ल्यातल्या हमामखान्याच्या घुमटाला आतून रंगीत नक्षी आहे. पाहणारा गप्प होतो. नाना झाले नाहीत. छत्रीचं टोक वर रोखून ते ओरडले, "आठे ओल शे!"

"अहो, न्हाणीघर आहे ते! ओल नसेल तर काय असेल?"

"पाणी खालतून वरे जास का, मास्तर?"

मी ठरवलं, परतीच्या गाडीत दुसऱ्या डब्यात बसायचं.

शेवटी होडीनं तापी ओलांडून पलीकडच्या बागेत गेलो. बादशहाची बेगम बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली, तिला आधी याच बागेत पुरलं होतं. मी सगळा राग गिळला, डोळे मिटले आणि वर्गात सांगतो तसं सांगू लागलो. "इथून, नाना, इथून त्यानं तिला आग्र्याला नेलं. वीस-बावीस वर्षं खपून तिच्यासाठी संगमरवराचा ताज उभा केला! आणि त्या ताजचं..."

"गळस का?"

मी पाठ फिरवली. पण झाडाखाली विडी ओढत बसलेला म्हातारा राखणदार शांतपणे म्हणाला, "टपकता है, मियाँ."

"काय?" नाना वळले.

"ताज. मेरे दादा आगरे के थे. कहते थे, बरसात में एक बूँद ठीक बेगम की कब्र पर गिरती है. कितने मिस्तरी आए, किसी से बंद न हुई."

नाना झाडाखालच्या ओट्यावर बसले.

"मास्तर, बादशहाले बी नही जमनं?"

"नाही जमलं."

"बायकोना अंगवर पाणी पडस तरी?"

"तरी."

नानांनी छत्री ओट्यावर आडवी ठेवली. मग आपणहून सांगू लागले. अक्कानं वर्षभराचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया बिनझाकणाच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. धाबं नेमकं त्या डब्यावर गळलं. सगळ्याचा लगदा झाला. ती भांडली नाही. गाठोडं बांधलं आणि दारातून एवढंच म्हणाली, "घर गळानं थांबनं का मले बलाव."

"आते थांबनंच नही," नाना म्हणाले. "तिले खोटं कसं सांगू?"

तीन वर्षं हा माणूस लोकांची छतं का पाहत होता, ते मला तेव्हा कळलं. थोरलीच्या मोडलेल्या सोयरिकीसकट.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. घरी खुशाली कळवायला आणलेलं पोस्टकार्ड मी खिशातून काढलं.

"लिखा मास्तर. घर गळस. बादशहानं बी गळस. तू ये."

"अहो, मायना काय घालू?"

"मायना कशाले? तिले माहीत शे मी कोण ते." मग कानाची पाळी ओढत, "लिखा, डबा नवा लयेल शे. झाकणवाला."

आम्ही एकाच डब्यातून परतलो.

अक्का आठव्या दिवशी बैलगाडीतून उतरल्या. सोबत गाठोडं, आणि पहूरच्या मातीचं एक पोतं. "ही चिकट शे," एवढंच बोलल्या. ती माती पुढच्या उन्हाळ्यात धाब्यावर पडली. घर अजून गळतं. परवा भर पावसात मी गेलो, तर तीन ठिकाणी पातेली मांडलेली, टपटप चाललेली. अक्का चुलीवर बिबडा भाजत होत्या. आता मलाच सवय लागली आहे, माझी नजर आधी वर गेली.

"नाना, गळतंय हो!"

"गळस का?" नाना म्हणाले. वर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते चुलीकडे पाहत होते.