मार्क्सचे पाच आठवडे

सासऱ्यांना ‘नाही’ म्हणायचं धाडस माझ्यात नाही. पुणतांब्यात त्यांचं छोटंसं वाचनालय आहे. त्याच्या स्मरणिकेसाठी आबासाहेब म्हणाले, “जावईबापू, येक लेख द्या की!” मी नुसता ‘हो’ म्हणून थांबलो नाही, विषयही जाहीर केला : ‘कार्ल मार्क्सची दिरंगाई’. (मी राहात्याला कॉलेजात कारकून आहे; पण माझं टेबल लायब्ररीच्या भिंतीला लागून आहे.)

पहिल्या आठवड्यात घरचं टेबल पुसलं. ते डुगडुगत होतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात सुतार शोधला. तिसरा आठवडा मनासारखं पेन मिळवण्यात गेला. चौथ्यात मी मार्क्स वाचायला घेतला आणि रोज चहाच्या वेळी बायकोला ऐकवू लागलो.

“अहो, पण लिहिलं का काही?” ज्ञानेश्वरीनं विचारलं.

“मार्क्सनं मित्राला कळवलं होतं, पाच आठवड्यांत काम संपवतो म्हणून. त्या ग्रंथाचा पहिला खंड निघायला सोळा वर्षं लागली!”

“त्याच्या सासऱ्यांची स्मरणिका नव्हती ना!”

पाचव्या आठवड्यात फोन आला. “जावईबापू, प्रेसवाला खोळंबलाय. लेख कुठवर आला?”

मार्क्सचं अक्षर कुणाला लागत नसे, त्याची बायको सगळं नकलून द्यायची, हे मी त्याच दिवशी वाचलं होतं. तोंडातून निघून गेलं, “झालाय की मामा! ज्ञानेश्वरी तेवढा नीट उतरवून काढतेय.”

“मंग उद्या सकाळी येतो. पोरीकडूनच घिऊन जाईन.”

सकाळी स्कूटरचा आवाज आला आणि मी न्हाणीघरात शिरून कडी लावली. आता जावयाची लाज जाणार, ती पण सासऱ्यासमोर, ती पण टॉवेलवर!

“पोरी, तू लिव्हतीस म्हनं लेख?”

“लिहिलाय आबा. हा घ्या.”

मी बादलीवरच बसलो. पानं उलटल्याचा आवाज. मग आबासाहेबांचं खदखदून हसणं.

“लई झ्याक! त्याच्या बायकोचं तर असं लिव्हलंय, जनू शेजारीन हाय तुझी. पन जावईबापूंनी काय केलं ह्यात?”

“रोज सांगितलं त्यांनी. मी लिहून घेत गेले,” ती म्हणाली. (टेबल मोकळंच असायचं, हे मात्र तिनं बापाला सांगितलं नाही.)

लेख ज्ञानेश्वरीच्या नावानं छापून आला. प्रकाशनाला तिला शाल, नारळ मिळाला आणि टाळ्या तर इतक्या, की माझेच हात दुखले. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

आबासाहेबांना माझी दया आली असावी. कानाशी येऊन म्हणाले, “आभार तुमी माना.”

मी म्हणालो, “पाच मिनिटं द्या, दोन ओळी लिहून काढतो.”

दुसरी ओळ मनासारखी जमली आणि मी मान वर केली. मंडपवाल्यानं बाकी सगळ्या खुर्च्या टेम्पोत भरल्या होत्या. तो माझ्यासमोर हात जोडून उभा होता, “साहेब, तेवढं उठता का?”