मधल्या ओळीची साक्ष

"जगात अचूक गोष्टी दोनच," भिंग म्हणायचे, "गणित आणि मी. पैकी गणिताबद्दल मला अधूनमधून शंका येते."

दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधत फिरतात म्हणून ऑफिसनं त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते त्यांनी पदवीसारखं दारावर लावून घेतलं.

त्यांची सहायक, जिला सगळं ऑफिस 'धाकटी' म्हणे, आज मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. शास्त्रज्ञ वापरतात त्या गणिती लायब्ररीसाठी, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संचासाठी, तिनं समीकरणं सोडवायची नवी पद्धत वर्षभर खपून लिहिली होती. आज नवी आवृत्ती निघणार, आणि भिंगांच्या चाचणीत ती नापास! तीन समीकरणं दिली की जुनी पद्धत फाडकन उत्तर देई. नवी म्हणे, 'एक ठाम उत्तर निघत नाही.'

"संध्याकाळपर्यंत छडा लावा," साहेबांनी बजावलं, "नाहीतर नव्या आवृत्तीत जुनीच पद्धत राहील."

"सर, जुन्या पद्धतीचं उत्तर सोळा आकडी आलंय. खरं वाटतं?" धाकटीनं भिंगांना विचारलं.

"भरघोस आहे! तुझ्या प्रोग्रामला उत्तर ठाऊक आहे, पण तो कुणाच्या तरी दबावाखाली आहे."

मग त्यांनी कॉम्प्युटरवर संशय घेतला, त्याची उलटतपासणी म्हणून तो तीनदा बंद-चालू केला. नंतर शेजारची टीम. शेवटी भुवई उंचावून म्हणाले, "गुन्हेगार तपासात फार मदत करतो. तू सकाळपासून मदतच करते आहेस."

इतक्यात स्कूटरची किल्ली न्यायला भिंगांच्या सौभाग्यवती आल्या. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "समीकरणांत हे आकडे कुणी घातले?"

"मीच. एक, दोन, तीन. खाली चार, पाच, सहा. खाली सात, आठ, नऊ. संशयाला जागाच नाही."

"अहो, वरची आणि खालची ओळ मिळवून निम्मी केली की मधलीच येते. तीन साक्षीदार उभे केलेत, पण मधला स्वतःचं काय सांगतोय? मग एकच उत्तर निघणार कुठून?"

धाकटी खुर्चीतून उठलीच. "वहिनी, माझा प्रोग्राम तेच तर सांगतोय!"

"मग जुनी पद्धत उत्तर कसं देत होती?" दारातून साहेबांनी विचारलं.

"आकडेमोडीत बारीक चूक राहते, तिच्यावरच ती सोळा आकडी इमला चढवते," धाकटी म्हणाली.

"असतात काहीजण," किल्ली उचलत वहिनी म्हणाल्या. "'माहीत नाही' एवढं तोंडातून निघत नाही."

साहेबांनी नव्या पद्धतीला मंजुरी दिली. भिंगांनी घसा खाकरला.

"मधल्या ओळीवर," ते म्हणाले, "माझी पहिल्यापासून नजर होती."