गोपाळकृष्ण सरांचा शांततेचा तह

"भांडण मिटवायला अक्कल लागते, अनुपमा! पाच मिनिटांचं काम आहे!" असं बायकोला म्हणत गोपाळकृष्ण सर पायात चपला सरकवून अंगणात गेले. उभा जन्म अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवण्यात गेलेला माणूस, त्याला आत्मविश्वासाचा काय तोटा!

भांडण होतं शेजारच्या नत्थुजींच्या कडुनिंबाचं. झाड नत्थुजींचं, फांदी सरांच्या अंगणावर आणि पाला सरांच्या डोक्यावर. नत्थुजी वलगावची शेती मुलाकडे देऊन शहरात राहायला आले, तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवरून दोघांची कडाक्याची जुंपायची. मग दोघं आपापल्या घरी जेवायचे आणि दुपारी कूलरसमोर ताणून द्यायचे. ती झोप म्हणजे सरांचा जीव की प्राण! बीपीच्या डॉक्टरांनीही ती मोडू नका असं बजावलेलं. हल्ली मात्र भांडणानंतर छातीत धडधडायचं आणि डोळा लागायला उशीर व्हायचा. म्हणून हा खटाटोप.

"नत्थुजी," सर भिंतीवरून म्हणाले, "ऑलिम्पिक येतंय. जुन्या ग्रीसमध्ये ऑलिम्पिक आलं की वैर बाजूला ठेवायचे. शत्रूच्या गावातून माणूस बिनघोर जायचा! आपणही ते संपेपर्यंत भांडण बंद ठेवू या."

"यावेळी त्याच्यात किरकेटबी हाय म्हणते!"

"आहे तर!"

"मंग शब्द पक्का, सर! आता तुमच्याशी भांडलो तं नावाचा नत्थू नाई!"

सर जग जिंकल्यासारखे घरात आले. जेवले, कूलर लावला, उशीला डोकं टेकलं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"झोपले होते काय, सर?" नत्थुजी भरताची वांगी घेऊन दारात उभे. "भांडण बंद हाय तं म्हटलं येऊन बसावं. आता आपण काई दुश्मन हाओ का?"

दारात आलेल्या माणसाला चहा न देता परत पाठवायचं? बसले. वलगावच्या सोयऱ्याधायऱ्यांची कुळकथा निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वांगी, पुन्हा चहा, पुन्हा वलगाव! तिसऱ्या दिवशी तेच. शत्रू होता तेव्हा दहा मिनिटांत घरी जाणारा माणूस मित्र झाल्यावर संध्याकाळपर्यंत हलेना! सरांचे डोळे तांबारले. बोलता बोलता त्यांची मान पडायची, आणि सरांना आपलं म्हणणं पटतंय असं समजून नत्थुजींना आणखी जोर चढायचा.

"कधी आहे हो ते ऑलिम्पिक?" अनुपमानं विचारलं.

"अठ्ठावीस साली."

"अहो, आत्ता सव्वीस चालू आहे!"

सर बोटांवर महिने मोजू लागले. छे! तह मोडायलाच हवा होता, आणि तोही नत्थुजींच्या हातून. सकाळी सरांनी घमेलंभर पाला गोळा केला आणि सरळ भिंतीपलीकडे फेकला.

"अरे वा, सर!" पलीकडून आवाज आला. "वांग्याच्या आळ्यात टाकतो. कीड लागत नाई!"

"पाल्याचं जाऊ द्या! तुमची ती फांदी मला डोळ्यांसमोर नको!" सर गरजले.

नत्थुजी कुऱ्हाड घेऊन झाडावर चढले! बघता बघता अख्खी फांदी खाली.

"एवढा तरास होता तं आधी कावून नाई सांगितलं, सर?"

"अहो, रोज सांगत होतो!"

"तवा भांडण होतं. भांडणात कोण आयकते!"

फांदी गेली ती सावली घेऊन गेली. मे महिन्यातलं अमरावतीचं ऊन थेट झोपायच्या खोलीवर आलं आणि खोलीची भट्टी झाली. शेवटी कूलर बैठकीत आणावा लागला, आणि सरांची झोपायची जागा म्हणजे बैठकीतला दिवाण. तिथं नत्थुजी मांडी घालून आधीच बसलेले!

त्या दुपारी सरांचा धीर सुटला. त्यांनी हात जोडले. "नत्थुजी, मी थकलो हो. पार थकलो. मला झोप हवी आहे."

नत्थुजींचा चेहराच उजळला.

"मीबी लय थकलो, सर! मले का हौस हाय? घरी आमची आशाबाई टिकू देत नाई. म्हणते, सरांनी एवढी शांती केली, ते वाट पाहून राहिले असतील, जा! दुपारची झोप नाई म्हणून डोकं नुसतं गरगरून राहिलं!"

सरांना त्यांना मिठी मारावीशी वाटली. "मग ठरलं! उद्यापासून दुपारी तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या!"

"ठरलं, बाप्पा!" नत्थुजी उठले, दारापर्यंत गेले, बाहेरचं ऊन बघून परत आले. "आजच्या दिवस इथंच टेकतो, सर. पाचच मिनटं." आणि कूलरच्या ऐन समोर, दिवाणावर आडवे झाले. घोरणं असं सुरू झालं की खिडकीची तावदानं थरथरली!

सर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घामाघूम. पाच मिनिटं झाली, तास झाला. हळूच उठून त्यांनी नत्थुजींच्या खांद्याला हात लावला.

"अहो, उठवताय काय त्यांना!" अनुपमा स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात ओरडली. "किती दमलेत बिचारे! आणि उठलाच आहात तर कूलरमध्ये पाणी घाला. त्यांना घाम आलाय."

सरांनी बादली उचलली.